शाळेच्या आवारातील जुनी झाडे आणि त्यांच्या ढोल्या

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी आवार स्वच्छ करणे, कौले परतणे आणि झाडांच्या अडचणीच्या फांद्या उतरविणे, हा आपल्या खेडोपाडीच्या शाळांचा जुना प्रघात आहे. पहिल्या दोन कामांविषयी येथे काही सांगावयाचे नाही. तिसऱ्याविषयी मात्र लिहिणे अवश्य वाटते. कारण ज्या मे महिन्यात आपण कुऱ्हाड बाहेर काढतो, तोच महिना झाडावर राहणाऱ्या कित्येक पक्ष्यांच्या विणीचा असतो.

वड, पिंपळ, चिंच, आंबा अशा जुन्या झाडांना ढोल्या असतात. पिंगळा, पोपट, साळुंकी, राखी धनेश हे पक्षी त्यांतच अंडी घालतात. परंतु यांपैकी एकालाही ताज्या लाकडात स्वतः ढोली कोरता येत नाही. ते काम सुताराचे व तांबटाचे. भर उन्हात भांडी ठोकल्यासारखा ‘टुक् टुक्’ आवाज करणारा हिरवा, कपाळी तांबडा ठिपका असलेला तांबट मुलांच्या परिचयाचा असतो. हा पक्षी वाळलेल्या किंवा कुजून मऊ झालेल्या फांदीतच, बहुधा तिच्या खालच्या अंगाने, बीळ कोरतो. सुताराने व तांबटाने सोडलेल्या बिळांत पुढे इतर पक्षी बिऱ्हाड करतात. म्हणजे जी वाळकी फांदी आपल्याला झाडाचे वैगुण्य वाटते, तीच पुष्कळांच्या घरांचा पाया असते. धनेशाला पुरेल एवढी ढोली होण्यास तर कित्येक दशके लागतात. शंभर रोपे लावून ती पुढील वर्षी मिळत नाही.

धनेशाची रीत येथे विस्ताराने सांगणे इष्ट होय. विणीच्या काळात मादी ढोलीत शिरते आणि आपल्या विष्ठेने तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत असताना तिची उडण्याची पिसे गळतात. नर दिवसभर वड, पिंपळ, उंबर यांची फळे व किडे आणून त्या फटीतून तिला भरवितो. हा सारा प्रकार साधारणतः एप्रिल ते जून या महिन्यांत चालतो. अशा वेळी ती फांदी खाली आली तर आतील मादीला उडून जाता येत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला लिंपलेल्या ढोलीत कोणी आहे याची शंकाही येत नाही.

ढोलीमुळे झाड मरते, हा समज सर्वत्र आढळतो व तो बरोबर नाही. झाडाचे पाणी व अन्न खोडाच्या बाहेरच्या थरांतून वाहते. मधला गाभा जिवंत नसतो. तो पोखरला गेला तरी बाहेरचे जाड व निरोगी लाकूड झाडाला पुष्कळ वर्षे उभे ठेवू शकते. एखादा कापलेला ओंडका वर्गात आणून ही गोष्ट मुलांना सहज दाखविता येईल. काही गावी ढोली सिमेंटने बुजवितात. सिमेंट ताठ, झाड वाऱ्याने हलणारे. दोहोंमध्ये भेग पडते, तीत पाणी मुरते आणि कुजणे उलट वाढते. साप शिरेल म्हणून ढोली बुजविण्याचा आग्रह पालक धरतात. साप ढोलीत क्वचित शिरतो हे खरे. परंतु आवारात तो येतो तो मुख्यतः उंदरांच्या मागे, आणि उंदीर खाणारे पिंगळे व घुबडे याच ढोलीत राहतात.

तरीही मुलांचा जीव प्रथम, यात दुमत नाही. ज्या फांदीखाली मुले बसतात, प्रार्थनेला उभी राहतात किंवा पाणी पितात, ती वाळकी असेल तर काढलीच पाहिजे. खोड एका बाजूस कलले असेल, बुंध्याशी भेगा किंवा अळंबी दिसत असतील, तर जाणकाराकडून तपासून घ्यावे. मात्र कुंपणालगतची, कोणाच्या डोक्यावर न येणारी वाळकी फांदी तशीच राहू द्यावी, किंवा आखूड करून तिचा बुंध्याकडील भाग ठेवावा.

फांदी कापण्याचीही एक रीत आहे. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक अलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडे चिरून पाहिली व १९७७ मध्ये आपले विवेचन प्रसिद्ध केले. जखम झालेले लाकूड झाड बरे करीत नाही; तेवढा भाग आतून भिंती घालून बंद करते व त्यावर नवे लाकूड चढविते, असे त्यांनी दाखविले. फांदीच्या मुळाशी जे फुगीर कडे असते, त्यापासून हे संरक्षण होते. म्हणून जिवंत फांदी खोडाला अगदी भिडवून कापू नये, लांब खुंटही ठेवू नये. कड्याच्या लगेच बाहेर कापावे. प्रथम खोडापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूने करवतीने खाच घ्यावी, मग तिच्या थोडे पुढे वरून कापावे. असे केल्याने फांदी पडताना खोडाची साल सोलली जात नाही. उरलेला खुंट शेवटी कड्याशी काढावा. जखमेवर डांबर फासल्याने कुजणे थांबत नाही.

छाटणीस ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने त्यातल्या त्यात बरे. पोपट व पिंगळे हिवाळ्यातच विणीला लागतात, त्यामुळे पूर्णपणे मोकळा असा महिना नाही. याकरिता कापण्यापूर्वी दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ अर्धा तास झाडाकडे पाहावे. खाली लाकडाचा ताजा भुगा, पांढऱ्या विष्ठेचे ओघळ, केस व हाडे असलेल्या गोळ्या किंवा फळांच्या बियांचा सडा दिसला तर वर कोणी राहते असे समजावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणेही येते, हे मजुरासही सांगून ठेवावे.

झाडाखालचा पालापाचोळा जाळू नये. आळ्यात पसरावा किंवा खड्ड्यात कुजवावा. सातभाई त्यातूनच किडे वेचतात. बागेतील भाजीवर कीड पडल्यास अर्धा किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, दहा लिटर पाण्याचे द्रावण करावे व थोडा साबण घालून संध्याकाळी फवारावे. पोषण आहाराच्या धान्याला उंदीर लागले तर विषारी गोळ्यांऐवजी पिंजरा लावावा, कारण विष खाल्लेला उंदीर पिंगळ्याने खाल्ला तर ते विष त्यालाही भिनते. धान्याच्या खोलीच्या दाराखालची फट पत्र्याने बंद केल्यास पिंजऱ्याचेही काम कमी होते.