अभ्यंगाचे तेल आणि कंगव्याचे पोमेड

दीपावलीच्या आगमनाची पहिली वर्दी कोण देतो, असे विचारल्यास कोणी आकाशकंदिलाचे नाव घेईल, कोणी चकलीच्या भाजणीचे. परंतु घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारावे, तर त्या तेलाच्या वाटीकडे बोट दाखवतील. आश्विन वद्य चतुर्दशीला सूर्योदयापूर्वी अंगाला तेल, उटणे लावून स्नान केल्याविना दिवाळी सुरू होत नाही. ह्या दिवशी तेलात लक्ष्मीचा आणि जलात गंगेचा वास असतो, असे धर्मग्रंथांनी सांगितले आहे. म्हणूनच एरवी स्वयंपाकघरात राहणारे तेल त्या पहाटे पाटासमोर, पणतीच्या उजेडात, मानाने येऊन बसते.

ह्याच दिवाळीत घरातील तरुण मुलांच्या हाती मात्र दुसरीच एक डबी दिसते. सांगलीच्या गणपती पेठेतून किंवा मिरजेच्या लक्ष्मी मार्केटमधून नव्या कपड्यांबरोबर ती घरी येते. कपाळावरील केस चापून मागे बसवायचे, कंगव्याचे दात केसांत स्पष्ट उमटवायचे आणि वर आरशासारखी झळाळी आणायची, ह्यासाठी ती डबी. कोणी तिला जेल म्हणतो, कोणी वॅक्स, कोणी पोमेड. कुपवाडसारख्या गावात, जिथे जुने गावठाण आणि औद्योगिक वसाहत शेजारी शेजारी नांदतात आणि १९९८ साली सांगली-मिरजेसह एकच महानगरपालिका झाल्यापासून तिन्ही गावांच्या बाजारपेठा एकमेकींच्या हाकेवर आल्या आहेत, तिथे आजीची वाटी आणि नातवाची डबी एकाच फळीवर ठेवलेली आढळते. आजीला वाटते, डबीतले हे काय केसांचे वाटोळे करणार कोण जाणे. नातवाला वाटते, तेल लावून चारचौघांत जावे कसे? सणासुदीच्या दिवशी घरात ह्यावरून कुरबुर होऊ नये, म्हणून ह्या विषयाचा थोडा विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

टोपी गेली, केस दिसू लागले

केस चापून बसवण्याची हौस आजची नव्हे. आपल्याकडे मात्र ती उघड दिसू लागली उशिरा. कारण पुरुषाचे मस्तक पागोटे, फेटा किंवा टोपीखाली झाकलेले असे. डोक्याचे भूषण म्हणजे शिरोवस्त्र. ते जसजसे उतरत गेले, तसतसे केसांनाच शिरोवस्त्राचा मान मिळाला आणि ते नीट बसवण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली.

पाश्चात्त्य देशांत ह्या हौसेचा इतिहास जुना आहे. तेथे प्राण्यांच्या चरबीत सुगंधी द्रव्ये मिसळून केसांना लावीत. इंग्लंडात तर अस्वलाच्या चरबीला मोठी मागणी होती. पोमेड हा शब्द मुळात सफरचंदाशी नाते सांगतो, कारण जुन्या लेपांत त्या फळाचा उपयोग होई. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात मॅकॅसर नावाच्या तेलाची एवढी चलती झाली, की त्याचे डाग खुर्च्यांच्या पाठींवर पडू लागले. ते टाळण्यासाठी गृहिणींनी पाठींवर विणलेली कापडे घालण्यास आरंभ केला. आपल्या घरांतील खुर्च्यांवर लोकरीच्या किंवा दोऱ्याच्या विणकामाची जी कापडे दिसत, त्यांचे मूळ असे केसांच्या तेलात आहे!

पुढे १८७२ साली अमेरिकेत चेसब्रो ह्या रसायनतज्ज्ञाने खनिज तेलापासून मिळणाऱ्या व्हॅसलीनचे पेटंट घेतले आणि चरबीची जागा हळूहळू ह्या जेलीने घेतली. १९२१ साली ‘द शीक’ हा मूकपट आला. त्यातील नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनोचे चकाकणारे केस पाहून त्याचे अनुकरण करणाऱ्या तरुणांना लोक चेष्टेने ‘व्हॅसलिनो’ म्हणू लागले. १९२८ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे ब्रिलक्रीम तयार झाले. पाणी, खनिज तेल आणि मेण ह्यांचा तो घट्ट मिलाफ होता. ह्याच ब्रिलक्रीमच्या जाहिरातींत पुढे मुंबईचे यष्टिरक्षक फरुख इंजिनिअर झळकले आणि मागे फिरवलेल्या चकचकीत केसांना आपल्याकडे क्रिकेटचे वलय लाभले.

केस बसतात ते कशाने?

न्हाऊन आल्यावर ओले केस विंचरले, तर ते कसे शहाण्या मुलासारखे बसतात! दोन केसांमधले पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरते. पाणी वाळले, की ओढ संपते आणि केस पुन्हा उभे राहतात. केश-प्रसाधनांचे सारे शास्त्र ह्या एका गोष्टीत आहे : पाण्याने जे क्षणभर केले, ते दिवसभर कसे टिकवावे?

तेल उडून जात नाही, म्हणून ते टिकते. पण त्याची पकड हलकी असते. तेलात मेण किंवा पेट्रोलियम जेली घातली, की तेलकट पोमेड तयार होते. त्याची झळाळी उत्तम, पकड बरी, आणि पावसाच्या थेंबांचीही त्याला पर्वा नसते. जेलचा मार्ग वेगळा. त्यात बहुतांश पाणी असते आणि त्यात विरघळवलेले चिकट द्रव्य वाळल्यावर केसांवर पातळ पापुद्रा धरते. केस कडक होतात. मात्र वाळल्यावर पुन्हा कंगवा फिरवला, तर तोच पापुद्रा तुटून पांढरी पूड पडते आणि पाहणाऱ्यास तो कोंडा वाटतो. दमट हवेत काही जेल पाणी शोषून चिकटही होतात. पाण्यात विरघळणारे पोमेड ह्या दोहोंच्या मधले. त्यात तेल-मेण आणि पाणी ह्यांना एकत्र बांधणारे द्रव्य असते. त्यामुळे झळाळी तेलाची मिळते, पण धुताना पाणी पुरते. चौथा प्रकार मातीमिश्रित लेपांचा. ते केसांची चमक मारतात आणि त्यांना फुगवटा देतात. ज्याला केस चापून बसवायचे आहेत, त्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये.

कोणास काय मानवेल?

निवड करताना डबीवरील चित्राकडे न पाहता आपल्या केसांकडे पाहावे. ज्याचे केस विरळ किंवा बारीक आहेत, त्याने तेलकट पोमेड वापरल्यास केसांचे पुंजके होऊन मधली त्वचा दिसू लागते. त्याला हलके क्रीम बरे. दाट व सरळ केसांना पाण्यात विरघळणारे, मजबूत पकडीचे पोमेड आवरू शकते. कुरळ्या किंवा राठ केसांना किंचित तेलकट लेप मानवतो. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकू लागले असतील, तर मागे फिरवलेल्या केसांनी ती गोष्ट झाकली न जाता उलट उघड होते, हेही ध्यानी घ्यावे.

ऋतूही विचारात घ्यावा. चैत्र-वैशाखात आपल्या भागातील ऊन असे, की व्हॅसलीनसारखी जेली मऊ होऊन कपाळावर ओघळते. औद्योगिक वसाहतीत ज्यांची पाळी असते, त्यांच्या तेलकट केसांवर धूळ आणि यंत्राजवळचा कीस बसतो. अशांनी कामावर जाताना काहीच न लावणे उत्तम; डबी सणावारासाठी राखावी.

तेलकट लेप कपाळावर उतरला, की त्वचेची रंध्रे बुजतात आणि केसांच्या रेषेला लागून पुटकुळ्या उठतात. १९७० साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी ह्या विकाराचे वर्णन ‘पोमेडच्या पुटकुळ्या’ ह्या नावानेच केले. कोंड्याचेही तसेच आहे. तो वाढवणारी सूक्ष्म बुरशी त्वचेवरील स्निग्ध द्रव्यांवरच जगते. म्हणून डोक्याच्या त्वचेवर दिवसेंदिवस तेल किंवा लेप मुरत ठेवणे तिच्या पथ्यावर पडते. हा नियम डबीला लागू आहे तसा वाटीलाही लागू आहे. पोमेड केसांना लावायचे असते, त्वचेला नव्हे, आणि तेल लावले तर ते धुवायचेही असते.

खोबरेल तेलाची बाजू घेणाऱ्यांसाठी मात्र एक समाधानाची गोष्ट आहे. मुंबईतील दोन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की खनिज तेल किंवा सूर्यफुलाचे तेल ह्यांच्या तुलनेत खोबरेल तेल केसांच्या आत शिरते आणि धुताना, विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. हे संशोधक खोबरेल तेल विकणाऱ्या उद्योगातील होते, हेही सांगितले पाहिजे. तरी प्रयोग मांडलेला आहे आणि तो कोणासही तपासून पाहता येतो. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, म्हणून दिवाळीच्या पहाटे बाटली गरम पाण्यात उभी करावी लागते. तिळाच्या तेलाला ही अडचण नाही.

देवघरापाशी जाताना

श्रद्धाळू घरांत आणखी एक प्रश्न विचारला जातो : डबीत प्राण्यांपासून मिळणारे काही असते काय? प्रश्न रास्त आहे. मेण मधमाश्यांच्या पोळ्याचे असते. लॅनोलीन नावाचे द्रव्य मेंढीच्या लोकरीतून काढतात. पेट्रोलियम जेली खनिज असते, तर कार्नोबा नावाचे मेण एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर मिळते. वेष्टनावरील घटकांची यादी वाचली, की बहुतेक शंका फिटतात. काही वेष्टनांवर हिरवा ठिपकाही असतो. ज्यावर घटक, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापलेली नाही, अशी डबी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. नवी वस्तू आधी कोपराच्या आतील बाजूस थोडी लावून दोन दिवस पाहावे आणि खाज किंवा लाली आली नाही, तरच डोक्याला लावावी.

दिव्यांच्या ह्या सणात सर्वांत मोठी सावधगिरी अग्नीची. फवाऱ्याच्या डब्यांतील वायू आणि मद्यार्क ज्वालाग्राही असतात. निरांजन, कापूर, पणती किंवा फुलबाजी जवळ असताना केसांवर फवारा मारणे म्हणजे संकटास आवतण. मद्यार्क असलेले जेल लावले असेल, तर ते पुरते वाळल्याखेरीज आरतीस उभे राहू नये.

भाऊबिजेचे आणि एक. कपाळावर मेण उतरलेले असेल, तर बहिणीने लावलेले कुंकू घसरते आणि अक्षता टिकत नाहीत. म्हणून केसांच्या रेषेपासून बोटभर जागा सोडून मगच लेप लावावा. हरभऱ्याएवढा लेप पुरे. तो तळहातांवर चोळून पातळ करावा, केस किंचित ओलसर असताना आधी मागच्या बाजूस, मग पुढे लावावा आणि रुंद दातांच्या कंगव्याने हलक्या हाताने मागे न्यावा. चिंब ओले केस ओढून विंचरू नयेत. ओला केस अशक्त असतो आणि ओढला की तुटतो.

वाटी आणि डबी

आता मूळ वादाकडे वळू. कोणते प्रसाधन चांगले, ह्याची कसोटी ते किती चमकते ही नव्हे. ते किती सहज उतरते, ही होय. तेलकट पोमेड पाण्याला दाद देत नाही, शिकेकाईलाही लवकर दाद देत नाही. मुले वैतागून पुनःपुन्हा शाम्पू घासतात आणि केस राठ करून घेतात. ह्यावर उपाय घरातच आहे. काट्याने काटा काढावा, तसे तेलाने मेण निघते. कारण स्निग्धात स्निग्ध मिसळते. कोमट तेल केसांवर चोळावे, थोडा वेळ थांबावे आणि मग शिकेकाई, रिठा किंवा शाम्पूने धुवावे. रिठा-शिकेकाईचा फेस मोकळे झालेले तेल आपल्याबरोबर घेऊन जातो.

आणि ही कृती म्हणजे तरी काय? नरक चतुर्दशीच्या पहाटे आई मुलाच्या डोक्यावर तेल घालते, पाडव्याला पत्नी पतीच्या आणि भाऊबिजेला बहीण भावाच्या, तीच ही कृती! अभ्यंगाचे तेल डोक्यावर मिरवण्यासाठी नसतेच. ते चोळायचे, मुरवायचे आणि गरम पाण्याने उतरवायचे. त्याबरोबर वर्षभराचा मळ जातो. तेव्हा वाटी आणि डबी ह्यांत भांडण नाही, क्रम आहे. आधी आजीची वाटी, मग स्नान, मग देवदर्शन आणि त्यानंतर, हौस असेल तर, हरभऱ्याएवढे पोमेड. रात्री निजण्यापूर्वी तेही उतरवून टाकावे.

ह्या चार दिवसांत घरातील प्रत्येक मुलगा वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो आणि प्रत्येक वेळी एक थरथरता हात त्याच्या मस्तकावर येतो. तो हात चिकटपणाने मागे घेतला जाऊ नये, क्षणभर निवांत टेकावा, एवढे भान ठेवून जे निवडाल ते योग्यच असेल. तेलातील लक्ष्मी आणि जलातील गंगा सर्व वाचकांच्या घरी ह्या दीपावलीस सुखाने नांदो!