‘गरीब’ कोळी : टॅरंटुलाच्या निवडीसंबंधी एक शब्दविचार

पाळीव कोळ्यांचा छंद युरोप-अमेरिकेत आता चांगलाच रुजला आहे. त्या छंदावरील इंग्रजी पुस्तकांत आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींत ‘डोसाइल’ हे विशेषण पदोपदी भेटते. नवशिक्याने प्रथम ‘डोसाइल’ जातीचा टॅरंटुला घ्यावा, असा उपदेश त्यांत असतो. मराठीत हे विशेषण ‘गरीब’, ‘शांत’, ‘सालस’ अशा शब्दांनी उतरविता येईल. परंतु त्यांपैकी कोणताही शब्द कोळ्यास लावताना जीभ अडखळते, आणि ह्याचे कारण केवळ किळस नव्हे. एखाद्या प्राण्यास गरीब म्हणताना आपण त्याच्याविषयी नेमके कोणते विधान करतो, हा अर्थविचाराचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर चुकल्यास त्याची किंमत कोळ्याच्या जिवाने किंवा पाळणाऱ्याच्या डोळ्याने मोजावी लागते; सबब ह्या पत्रिकेत त्याची चर्चा अस्थानी ठरू नये.

‘डोसाइल’चे मूळ लॅटिन ‘दोकिलिस’ हे होय. ‘दोकेरे’ म्हणजे शिकविणे. त्यावरून ‘दोकिलिस’ म्हणजे शिकविता येण्याजोगा. ‘डॉक्टर’ हा शब्दही त्याच कुळातला. शिकण्यास तयार असलेला तो आज्ञाधारक, आणि आज्ञाधारक तो निरुपद्रवी, अशी ह्या शब्दाच्या अर्थाची वाटचाल झाली. आपल्या ‘गरीब’ शब्दाची कथाही अशीच आहे. अरबीत त्याचा अर्थ परका, परदेशी असा. फारसीच्या द्वारे मराठीत येऊन तो निर्धन झाला आणि ‘गरीब गाय’ ह्या प्रयोगात निरुपद्रवी ठरला. मात्र ‘गरीब’ने आपला जुना अर्थ पार टाकला आहे, तसा ‘डोसाइल’ने टाकलेला नाही. जाहिरात वाचणाऱ्याच्या मनात त्याची छाया उरतेच : आज शांत आहे, उद्या हा प्राणी ओळखू लागेल, परवा माणसाळेल.

टॅरंटुला माणसाळत नाही. त्याची दृष्टी अगदी मंद असते. पायांवरील व अंगावरील केसांना जाणवणारी कंपने हेच त्याच्या जगाचे मुख्य ज्ञानसाधन. तळहात त्याच्या लेखी एक उबदार, हलणारी जमीन असते. त्या जमिनीवर त्याचे प्रेम जडल्याचा पुरावा नाही. तेव्हा अमुक जात ‘गरीब’ आहे, ह्या विधानाचा खरा अर्थ एवढाच, की त्या जातीच्या कोळ्यांस प्रतिकारास प्रवृत्त करण्यास चेतना बरीच मोठी लागते. हे विधान संभवाचे आहे, स्वभावाच्या हमीचे नव्हे. एकाच जातीतील दोन कोळी भिन्न वागतात. तोच कोळी कात टाकण्याचा काळ जवळ आला म्हणजे वेगळा वागतो.

प्राण्यांना दिलेल्या नावांतही असाच माणसाचा हात असतो. ‘टॅरंटुला’ हे नाव मुळी दक्षिण इटलीतील तारांतो नगरावरून पडले. तेथील ज्या कोळ्यास १७५८ मध्ये लिनियसने ‘तारांतुला’ हे जातिनाम दिले, तो लांडगा-कोळ्यांच्या कुळातला. त्याच्या दंशाने माणूस वेडापिसा होऊन नाचतो, अशी समजूत होती. तारांतेला नृत्याचे नाव त्या परंपरेशी निगडित आहे. (विषबाधेची जी खरी लक्षणे दिसत, ती बहुधा त्याच प्रदेशातील एका वेगळ्या, लहान, काळ्या कोळ्याची असावीत. बदनामी मात्र मोठ्याच्या वाट्याला आली.) पुढे युरोपीय लोक अमेरिकेत गेले आणि तेथील प्रचंड केसाळ कोळ्यांना त्यांनी हेच नाव चिकटविले. जर्मन भाषेत ह्यांना ‘पक्षी-कोळी’ म्हणतात. मारिया सिबिला मेरियन हिच्या १७०५ च्या सुरिनामविषयक ग्रंथात असा कोळी एका इवल्या पक्ष्यास खाताना रंगविला आहे, ते चित्र ह्या नावामागे आहे. चिली देशात मात्र त्यांना ‘आरान्या पोयितो’, म्हणजे ‘कोंबडीच्या पिल्लासारखा कोळी’ म्हणतात. ज्यांच्या अंगणात हा प्राणी वावरतो त्यांनी त्याला पिल्लू म्हणावे आणि ज्यांनी त्यास चित्रात पाहिले त्यांनी पक्षिभक्षक, ह्यात मला तरी नवल वाटत नाही.

निवड करणाऱ्याने ‘गरीब आहे काय?’ असे न विचारता ‘डिवचल्यावर काय करतो?’ असे विचारावे. ह्या प्रश्नाची उत्तरे भूगोलाप्रमाणे दोन प्रकारची मिळतात. अमेरिका खंडांतील बहुतेक जातींच्या पोटावर दाहक केस असतात. कोळी मागील पायांनी ते उडवितो. त्वचेला खाज सुटते, पण डोळ्यात गेल्यास ते रुतून बसतात व दीर्घकाळ दाह करतात. आफ्रिका व आशियातील जातींना हे शस्त्र नाही; त्या वेगाने पळतात किंवा चावतात, आणि त्यांचे विषही अधिक प्रखर असते. भारत व श्रीलंका येथील पोएसिलोथेरिआ प्रजातीच्या दंशानंतर स्नायूंत तीव्र गोळे येतात, ते कित्येक दिवस टिकू शकतात. ह्या प्रजातिनामाचा ग्रीक अर्थ ‘चित्रविचित्र श्वापद’ असा आहे. नाव देणाऱ्याने निदान श्वापद हा शब्द तरी यथायोग्य वापरला!

म्हणून नवशिक्याने अमेरिकेतील, जमिनीवर राहणाऱ्या, मंदगती जातींकडे वळावे. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील ब्रॅकिपेल्मा हॅमोराय ही तांबड्या गुडघ्यांची जात सर्वांत प्रसिद्ध. अनेक वर्षे ती ‘स्मिथि’ ह्या निकटच्या जातीच्या नावाने विकली जात होती. दोहोंतील भेद २०१७ च्या संशोधनाने स्पष्ट झाला. ती सहसा चावत नाही, परंतु केस उडविण्यात कंजूष नाही. मध्य अमेरिकेतील कुरळ्या केसांची त्लिल्तोकात्ल आल्बोपिलोसुस ही त्याहून सोशिक. तिचे प्रजातिनाम २०२० मध्ये नाहुआत्ल भाषेतून घडविले गेले, ‘काळा कोळी’ ह्या अर्थाने. ग्रीक-लॅटिनच्या मक्तेदारीत एका अमेरिकी भाषेचा हा प्रवेश भाषाभ्यासकास सुखावणारा आहे. ब्राझीलमधील काळीभोर ग्रामोस्टोला पुल्क्रा माझ्या मते ‘गरीब’ ह्या विशेषणाच्या सर्वांत जवळ जाते, परंतु तिची वाढ फार सावकाश होते.

जात ठरली, की नर-मादी पाहावी. नर प्रौढ झाल्यावर फार काळ जगत नाही. मादी वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक जगते. पिंजऱ्यातच जन्मलेले पिल्लू घ्यावे, रानातून पकडून आणलेला कोळी घेऊ नये. पोट भरीव असावे. पाय शरीराखाली मुडपलेले असल्यास तो कोळी घेऊ नये : कोळ्याच्या पायांतील मुख्य सांधे पसरविणारे स्नायू नसतात, ते अंगातील द्रवाच्या दाबाने पसरतात, शरीरातील पाणी आटले की दाब उतरतो आणि पाय मिटतात. उलट तो उताणा पडलेला दिसला तर घाबरू नये. बहुधा तो कात टाकीत असतो. त्या वेळी त्यास स्पर्श करू नये व जिवंत किडा पेटीत ठेवू नये. हातावर तर मुळीच घेऊ नये, मग जात कितीही गरीब असो. थोड्या उंचीवरून पडला तरी त्याचे पोट फुटून तो मरतो.

आपल्याकडील वाचकासाठी एक व्यावहारिक बाब. पोएसिलोथेरिआ रेगालिस ही देखणी जात सह्याद्रीच्या झाडांच्या ढोलींत राहते, म्हणून ती आणून पाळण्याचा मोह कोणास होऊ शकेल. ह्या प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ पासून साइटीज कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाने नियंत्रित आहे. ब्रॅकिपेल्मा त्या यादीत त्यापूर्वीच गेली होती. भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली असून, साइटीज-सूचीतील परदेशी प्राणी जिवंत बाळगणाऱ्यास त्याची माहिती सरकारकडे देऊन नोंदणी करावी लागते. विक्रेत्याकडे कोळ्याच्या जन्माचे आणि आयातीचे कागद नसतील, तर तेथूनच परतावे.