मुफलिस येतं म्हणून ओमाहा हाय-लो येत नाही

देवणीकडं पत्त्यांत मुरलेल्या माणसाला ओमाहा हाय-लो सांगायला बसा, तो मधेच थांबवतो : "कळलं. तीन पत्ती आणि मुफलिस एकाच डावात, पॉट निम्मा-निम्मा." मुफलिस म्हणजे सर्वांत हलका हात जिंकतो ती तीन पत्ती, तेव्हा ढोबळ मानानं बरोबर आहे. पण एवढ्याच भांडवलावर खेळायला बसलेल्याचे चिंचोके तासाभरात संपतात.

डाव असा. प्रत्येकाला चार पत्ते झाकून, मधे पाच पत्ते सगळ्यांसाठी उघडे : आधी तीन, मग एक, मग एक. शेवटी सर्वांत भारी हाताला निम्मा पॉट, सर्वांत हलक्याला निम्मा.

पहिला गैरसमज इथेच होतो. नऊ पत्त्यांतले कुठलेही पाच जुळवायचे, असं वाटतं. नाही. हातातले नेमके दोन आणि मधले नेमके तीन. हातात चारही एक्के आले तर नवखा मनातल्या मनात नाचतो. पण वापरता येतात दोनच, म्हणजे ती नुसती जोडी, आणि पाचवा एक्का कुठून येणार? मधे चार बदाम पडले आणि हातात बदामाचा एकटा एक्का असेल, तर कलरही नाही. भारी हातासाठी दोन पत्ते वेगळे आणि हलक्यासाठी वेगळे घेतले तरी चालतात, हे मात्र बहुतेकांना उशिरा उमगतं.

हलक्या हाताचा निम्मा हिस्सा दरवेळी निघतो, हेही खरं नाही. त्यासाठी अठ्ठी किंवा त्याखालचे पाच वेगवेगळे पत्ते लागतात. मधे तसे निदान तीन वेगळे पत्ते पडलेच नाहीत, तर अख्खा पॉट भारी हाताचा. तसे तीन पडण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास.

मुफलिसची सवय इथे नडते. तिथे एक्का सहसा मोठा, सिक्वेन्स आणि कलर नकोसे, आणि दुर्री-तिर्री-पंजी सर्वांत हलका हात. इथे हलक्या बाजूला एक्का सर्वांत लहान, आणि सिक्वेन्स-कलर मोजतच नाहीत. एक्का ते पंजी हा सर्वांत हलका हात. तोच भारी बाजूला सिक्वेन्स म्हणूनही उभा राहतो. तुलना मोठ्या पत्त्यापासून : सत्ती-छक्की-पंजी-चव्वी-तिर्री हा हात अठ्ठी-चव्वी-तिर्री-दुर्री-एक्क्याला हरवतो.

आता एक डाव बघा. तुमच्याकडे एक्का, दुर्री आणि दोन बादशहा. मधे तिर्री, पंजी, सत्ती, दश्शी. हलक्यात तुमच्यापुढे कुणी नाही. शेवटचा पत्ता दुर्री! तुमचा हात होता तोच राहिला, पण ज्याच्याकडे एक्का-चव्वी आहे त्याचा एक्का ते पंजी पूर्ण झाला. पत्ता चांगला दिसला, डाव गेला.

'अर्धा तर मिळेलच' या भरवशानं तर सगळ्यात जास्त नुकसान होतं. तिघांनी चाळीस-चाळीस चिंचोके लावले, पॉट एकशेवीस. साठ भारी हाताला. हलक्यात दोघांचे हात सारखेच, म्हणून तीस-तीस. भारी हात तिसऱ्याचा असेल, तर चाळीस लावून तीस घेतलेले ते दोघे जिंकूनही दहा-दहानं खाली. म्हणून जाणते दोन्हीकडे चालतील असे पत्ते धरतात, नुसत्या हलक्याच्या मागे लागत नाहीत.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. महाराष्ट्राच्या 1887च्या जुगारबंदी कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, तिच्यावर बोट ठेवून 'पत्ते म्हणजे कौशल्यच' असं पारावर ठासून सांगितलं जातं. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात, तोही निजामाच्या काळच्या हैदराबाद जुगार कायद्याखालचा, सर्वोच्च न्यायालयानं रमीला कौशल्याचा खेळ मानलं; पण त्याच निकालात तीन पत्त्यांच्या फ्लशला निव्वळ नशिबाचा म्हटलं. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो-बोटी चालतात त्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यावर. ती मुभा देवणीत लागू नाही. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याला 2025च्या केंद्रीय कायद्यानं बंदी केली, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा.

शिकायला चिंचोके पुरतात. सुरुवातीचे डाव चारही पत्ते उघडे ठेवून खेळा, आणि प्रत्येकानं आपले 'हातातले दोन, मधले तीन' दोन्ही बाजूंसाठी मोठ्यानं बोलून दाखवावेत.