क्रोशाचें दुपटें आणि त्याची किनार

क्रोशाचा चौकोन जुनाच आहे; ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकन पत्रानें तो १८८५ सालीं छापला होता. चार साखळ्यांचें कडें करून त्यांत तीन तीन खांबांचे चार गट घालावे. दोन गटांमध्यें दोन साखळ्या सोडाव्या. पुढील फेरींत प्रत्येक कोपऱ्याच्या पोकळींत असेच दोन गट व बाजूच्या पोकळींत एक घातला, कीं चौकोन वाढूनहि चौकोनच राहतो.

किनार केवळ शोभेची नव्हे; जोडलेल्या चौकोनांना ती सांवरून धरते. तिच्या पहिल्या फेरींत प्रत्येक कोपऱ्यावर तीन मुके खांब घालावे, नाहींतर कांठ आंत ओढला जातो. सुटीं टोंकें आंत दडवावीं व झालर लावूं नये. सैल धागा तान्ह्याच्या बोटाला आवळून रक्त थांबवूं शकतो. वर्षाच्या आंतील मूल निजलें असतां दुपटें अंगावर ठेवूं नये. जागत्या बाळाला मांडीवर घेतांनाच त्याची ऊब द्यावी.