एक धबधबा खाली, एक धबधबा वर

जुलै-ऑगस्टातला एखादा मोकळा दिवस हाताशी असेल, तर मलकापूरकरांनी एकाच धबधब्यावर समाधान मानू नये. सकाळी नवजाचा ओझर्डे पाहावा आणि दुपारी सडावाघापूरचा उलटा धबधबा. दोन्ही पाटण तालुक्यातले. दोन्हीकडे ढग तेच, कातळ तोच, वाराही तोच. तरी ओझर्ड्याचं पाणी सरळ खाली कोसळतं आणि सडावाघापूरचं पाणी कड्यावरून उडी घेतं ते चक्क वर उडून पुन्हा पठारावर येतं! एकाच तालुक्यात पाण्याची ही दोन टोकं कशी?

याचं उत्तर वाटेवरच उलगडत जातं, म्हणून आधी वाट ठरवू. मलकापुरातून निघून कोयनेचा पूल ओलांडायचा, वारुंजी फाट्याला डावीकडे वळायचं आणि कराड-चिपळूण रस्ता धरायचा. मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगर साधारण साठ किलोमीटर. तिथून नवजा आणखी दहाएक किलोमीटर. परतताना पाटणहून घाट चढून सडावाघापूर, मग तारळ्याकडे उतरून उंब्रजला महामार्गावर यायचं, की दिवेलागणीला घरी. सकाळी सातला निघालात तर घाई करावी लागणार नाही.

गाडी सुरू झाली की मोबाइल बाजूला ठेवा आणि खिडकीबाहेर बघा. पहिलं नवल तिथंच आहे. कराडच्या आसपास दोन्ही बाजूंना ऊस. पाटण मागे पडलं की ऊस विरळ होतो आणि भातखाचरं सुरू होतात. का? कराडला वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नवजाला चांगल्या पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरचा आकडा ओलांडला जातो. दोन तासांच्या वाटेवर पाऊस सातपट! आणि घाटमाथ्याची ताकद किती, तर जुलै 2021मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कराडला वर्षभर पुरणारा जवळजवळ सगळा पाऊस एका दिवसात!

हा पाऊस येतो कुठून? पावसाळी वारे विषुववृत्ताच्या पलीकडे, दक्षिण गोलार्धात निघतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत, केनियाजवळ ते उत्तरेकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प गोळा करत आपल्याकडे धावतात. वाटेत त्यांना अडवायला काहीच नसतं. पहिली भिंत भेटते ती सह्याद्रीची, सुमारे एक किलोमीटर उंच. मागून येणारा वारा रेटतच असतो, मग पुढच्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नाही. वर चढणारी हवा पसरते, पसरली की गार होते आणि गार हवेत तेवढं बाष्प मावत नाही. ते थेंब होऊन घाटमाथ्यावर कोसळतं. कराडच्या सपाटीवर उतरेपर्यंत त्या वाऱ्याकडे देण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

आता नवजा. वनखात्याच्या फाटकावर प्रवेश शुल्क भरून झाडीतून चालत निघालात की धबधब्याचा आवाज आधी येतो, धबधबा नंतर दिसतो. हे कोयना अभयारण्य. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि हे मिळून आजचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. समोर ओझर्डे आला की पाण्यावरून नजर थोडी बाजूला काढा आणि कडा निरखा. त्यात आडवे थर दिसतील.

प्रत्येक थर म्हणजे लाव्हारसाचा एक लोट! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हारस बाहेर सांडत राहिला. एक लोट थिजायचा, काही काळ शांतता, मग त्यावर दुसरा. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं दोन काळ्या थरांमध्ये कधी तांबडा पट्टा दिसतो. ती त्या मधल्या शांततेची खूण. त्या काळात वरच्या दगडाची माती व्हायला लागली होती, तेवढ्यात पुढचा लोट आला आणि त्यानं ती भाजून झाकून टाकली. हे थर सारखे कठीण नाहीत. मऊ, सच्छिद्र थर पाणी लवकर पोखरतं, वरचा कठीण थर आधार गेला की तुटून पडतो आणि कडा उभाच्या उभा राहतो. सह्याद्रीत इतके सरळसोट धबधबे आहेत ते या थरांमुळे.

ओझर्ड्याचं पाणी पुढे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात जातं. आणि इथं, निवांत उभं राहून विचार करावा अशी गोष्ट घडते. जलाशयातल्या पाण्याला दोन वाटा आहेत. काही पाणी नवजाजवळच बोगद्यात शिरतं, सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला जातं आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली चक्रं फिरवून वाशिष्ठी नदीला मिळतं. राज्यातल्या किती घरांत दिवे लावणारा हा केवढा प्रचंड धबधबा, पण तो कुणालाच दिसत नाही! वाशिष्ठीतून ते पाणी चिपळूणवरून अरबी समुद्रात, म्हणजे जिथून वाफ होऊन आलं तिथंच परत.

उरलेलं पाणी धरणातून पूर्वेला सुटतं. ते कोयनेतून कराडला येतं, प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भिडतं आणि सांगली, पुढे कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळतं. मलकापूरची चोवीस तास पाण्याची योजना देशभर नावाजली गेली, पंतप्रधान पुरस्कारापर्यंत पोचली. तिचं पाणी याच कोयनेचं. कड्यावरून शेजारी-शेजारी उडी मारणाऱ्या दोन थेंबांतला एक अरबी समुद्रात जाईल आणि दुसरा कदाचित तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला येईल!

दुपारी पाटणला परत या आणि सडावाघापूरचा घाट चढा. वर सपाट, उघडं पठार. झाडं थोडी, धुकं अमाप आणि धुक्यातून मध्येच डोकावणाऱ्या पवनचक्क्या. त्या तिथं का उभ्या आहेत, हे गाडीचं दार उघडताक्षणी कळतं. दरीकडून आलेला वारा कड्यावर आदळतो, त्याला पुढे जायला जागा नसते, म्हणून तो कड्याला घासून वेगानं सरळ वर चढतो. पठारावरचे ओहोळ नेमके त्याच कड्यापाशी दरीत उतरू पाहतात.

पण वारा पाण्याला उचलतो कसा? एक थेंब घ्या. पडणाऱ्या थेंबाचा वेग वाढतच जात नाही. हवेचा अडथळा त्याला आवरतो आणि थोड्याच अंतरात वेग ठरून जातो. एक मिलिमीटरचा थेंब ताशी सुमारे 14 किलोमीटरनं पडतो, पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब सुमारे 32 किलोमीटरनं. त्याहून फार मोठा थेंब पडता पडता फुटून जातो. म्हणजे हवा ताशी 32 किलोमीटरपेक्षा जोरात वर चढत असेल, तर सुटा थेंब केवढाही असो, तो खाली पडूच शकत नाही! पावसाळ्यात अशा कड्यांवरच्या झोतांना हा वेग सहज गाठता येतो. गुरुत्वाकर्षण कुठंही गेलेलं नसतं. थेंब हवेतून खालीच पडत असतो, पण ती हवाच त्याच्यापेक्षा वेगानं वर चाललेली असते.

मग ओझर्डे का उलटत नाही? खळ्यावर उफणणी पाहिली असेल तर उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. वाऱ्यावर धरलेल्या सुपातून दाणे पायाशी पडतात आणि भुसकट उडून जातं. वारा दोघांना एकच, फरक वजनाचा. ओझर्ड्याचा लोंढा दाट असतो, आतल्या पाण्यापर्यंत वारा पोचतच नाही. कडेचे तुषार तेवढे उडतात. सडावाघापूरचा ओहोळ पातळ. कड्यावरून सुटताच त्याच्या धारा होतात, धारांचे थेंब होतात, आणि सुटा झालेला थेंब वाऱ्याच्या तावडीत सापडतो.

कड्यापासून बऱ्याच मागे उभं राहून एकाच धारेवर नजर खिळवा. ती कडा ओलांडते, हातभर खाली वाकते, तिथं तिच्या कडा फाटतात, ती पांढरी होते आणि तिचा पिसारा होऊन वर येतो. अंगावर पाऊस पडतोय असं वाटतं, पण हनुवटी खालच्या बाजूनं भिजते! उडालेलं पाणी मागे पठारावर पडतं, ओहोळाला मिळतं आणि पुन्हा कड्याकडे निघतं. तोच थेंब एका दुपारीत कितीदा दरीत उडी मारत असेल आणि कितीदा परत येत असेल? वारा क्षणभर मंदावला की मात्र सगळं पाणी गपकन खाली जातं आणि समोर साधा धबधबा दिसू लागतो.

तो क्षण सांगतो की या कड्यावर वाऱ्याच्या भरवशावर कुणीही उभं राहू नये. रेटणारा झोत अचानक थांबतो, पायाखाली शेवाळ असतं, धुक्यात कड्याची धार दिसत नाही. फोटोसाठी पुढे सरकू नका आणि मुलांचा हात सोडू नका. अतिवृष्टीचा इशारा असताना जाऊच नका. अशा वेळी प्रशासन धबधबे बंदही ठेवतं, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. शक्यतो रविवार टाळून मधला वार निवडा. प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं सोबत परत आणा, कारण नवजाला टाकलेला कचरा पाण्याबरोबर कोयनेतच उतरतो आणि ती नदी आपण पितो.

पाऊस मध्यम असावा, वारा जोरात असावा. असा दिवस पावसाळ्यात अनेकदा येतो. यंदा एक तरी हुकवू नका.