मनाचे घाव आणि वरिष्ठांचे कर्तव्य

शरीराची जखम डोळ्यांना दिसते; म्हणून हात मोडलेल्या माणसाला कोणी ओझे उचलायला सांगत नाही. मनाच्या जखमेचे तसे नाही. ती दिसत नाही, आणि म्हणूनच तिला पुष्कळदा आळस, कामचुकारपणा किंवा भित्रेपणा अशी नावे दिली जातात.

हा गैरसमज किती महागात पडतो, हे पहिल्या महायुद्धातील एका उदाहरणावरून कळते. हॅरी फार हा ब्रिटिश सैनिक तोफांच्या भडिमाराने खचला आणि १९१५ साली काही महिने रुग्णालयात राहिला. पुढे त्याला पुन्हा आघाडीवर धाडण्यात आले. सप्टेंबर १९१६ मध्ये त्याने पुढे जाण्यास नकार दिला. वरिष्ठांना त्यात केवळ भ्याडपणा दिसला. १६ ऑक्टोबर रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. ब्रिटिश सरकारने त्याच्यासह ३०६ सैनिकांना माफी दिली ती २००६ साली, म्हणजे तब्बल ९० वर्षांनी!

दरम्यान, १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने अशा आघातानंतरच्या विकाराला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. झोप उडणे, दचकणे, तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे ही त्याची काही लक्षणे होत.

असे आघात रणांगणावरच होतात असे नाही. गाडीखाली माणूस सापडलेला मोटरमन, दरोड्यात सापडलेला बँकेचा रोखपाल, पुरात घर गमावलेली परिचारिका कामावर परत येतात, तेव्हा साहेबाने काय करावे? त्याने डॉक्टर होण्याची गरज नाही. आघाताने माणसाचा स्वतःच्या आयुष्यावरील ताबा सुटल्यासारखा होतो. तो परत मिळेल असे वागावे, एवढेच. कामातील बदल आधी कळवावा. चारचौघांत खडसावू नये. घडलेली हकीकत वदवून घेण्याचा आग्रह धरू नये. मात्र बोलावेसे वाटल्यास ऐकून घ्यावे. उपचारासाठी रजा द्यावी आणि दिलेला शब्द पाळावा. यात शिस्तीला रजा नाही. चूक दाखवावीच, पण तिच्यामागचे कारण आधी विचारावे.

विद्यार्थी मित्रहो, उद्या आपल्यापैकी अनेकांच्या हाताखाली माणसे काम करतील. "याला झाले आहे तरी काय?" असे चिडून म्हणण्यापूर्वी "याच्यावर कोणता प्रसंग गुदरला असेल?" असा विचार आपण करू या. हॅरी फारच्या वरिष्ठांनी तो केला असता, तर माफीची वेळच आली नसती.