इंजिनाचा ताप आणि विहिरीचे पाणी : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

ऊसतोडीच्या हंगामात बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या मोटारीला उसाने भरलेल्या ट्रेलरांच्या मागे मैलोगणती रांगत जावे लागते. अशा वेळी उष्णतादर्शक काटा वर चढू लागला की गाडी कडेला घ्यावी, इंजिन निवू द्यावे, जवळच्या विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये भरावे आणि पुढे निघावे, असा सर्वसाधारण परिपाठ आहे. गाडी पुन्हा चालू लागते. त्यामुळे उपाय योग्य होता असा समज दृढ होतो. वस्तुतः पाणी कमी का झाले, हा मूळ प्रश्न तेथे अनुत्तरितच राहतो. शिवाय या परिसरात असा उपाय वारंवार केल्याने पहिल्या दोषात दुसऱ्याची भर पडते.

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला शीतनव्यवस्थेला वाहून न्यावा लागतो. ही उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून पाण्यात, पाण्याबरोबर रेडिएटरमध्ये आणि तेथून हवेत जाते. या मार्गावर अडथळा कोठे आहे हे शोधणे म्हणजेच निदान होय.

बारामतीची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे साडेपाचशे मीटर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी 98 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण आतील दाब सुमारे 0.9 बारने वाढवीत असेल, तर उत्कलनबिंदू 118 अंशांच्या जवळ पोहोचतो. झाकणाची स्प्रिंग वा रबर निकामी झाल्यास ही वीस अंशांची सवलत नाहीशी होते. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडल्यानेही नेमके हेच घडते. दाब एकाएकी उतरून पाण्याची वाफ होते व उघडणाऱ्याचा हात आणि चेहरा भाजतो. म्हणून कोणतीही तपासणी इंजिन पूर्ण निवल्यानंतरच करावी.

गाडी केव्हा तापते, हा निदानातील पहिला प्रश्न होय. संथ गतीत वा थांबलेल्या स्थितीत तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर निवणारी गाडी हवेच्या प्रवाहातील दोष सुचविते. पंख्याची मोटर, तिचा रिले किंवा उष्णतेवर चालणारा स्विच प्रथम तपासावा. तसेच रेडिएटरच्या जाळीत उसाचे पाचट व धूळ अडकली आहे काय, हे पाहावे. याउलट, पुणे-सोलापूर महामार्गावर वेगाने जाताना तापणारी गाडी पाण्याच्या प्रवाहातील दोष दर्शविते. तेथे हवा विपुल असते. परंतु रेडिएटरच्या नळ्या चोक झालेल्या असतात किंवा पाण्याचा पंप दुबळा झालेला असतो.

दुसरा पुरावा होजपाइपांचा. काटा वर असताना वरचा पाइप थंडच असेल, तर थर्मोस्टॅट उघडत नसल्याचा, पंप निकामी झाल्याचा किंवा पाणीच उरले नसल्याचा संशय घ्यावा. वरचा पाइप अतिशय गरम आणि खालचा थंड असल्यास रेडिएटरमधून पुरेसे पाणी वाहत नाही, असे अनुमान निघते. थंड इंजिन सुरू करताच पाण्यात सतत बुडबुडे येणे, तेल दुधाळ होणे आणि धुराड्यातून पांढरी वाफ निघत राहणे ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे होत. काट्यावर मात्र सर्वस्वी विसंबू नये. पाणी संपून संवेदक कोरडा पडला, तर इंजिन तापत असतानाही काटा खाली येऊ शकतो.

आता पाण्याच्या गुणधर्माकडे वळू. बारामती व इंदापूर हे तालुके अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतात. येथील काळ्या जमिनीत चुनखडीचे प्रमाण बरेच असून नीरा डाव्या कालव्याच्या सिंचनाबरोबर काही भागांत क्षार वर येऊन जमिनी चोपण झाल्या. नीरा खोऱ्यातील या क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास हॅरल्ड मॅन व ताम्हणे यांनी 1910 मध्येच प्रसिद्ध केला होता. अशा जमिनीखालील विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी मचूळ व कठीण असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचे काठिण्य लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत इष्ट, तर पर्यायी स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालण्याजोगे मानले जाते. यावरून एक गोष्ट लक्षात यावी की, जे पाणी पिण्यास चालते ते इंजिनास चालेलच असे नाही.

कठीण पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर सर्वांत उष्ण पृष्ठभागावर, म्हणजे ज्वलनकक्षाभोवती, बसतो. या थराची उष्णतावाहकता ओतीव लोखंडाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकी असते. समजा, शीतनव्यवस्थेत 6 लिटर पाणी मावते आणि लिटरमागे 400 मिलिग्रॅम क्षार थररूपाने बसू शकतात. एकदाच भरलेल्या पाण्यातून केवळ 2.4 ग्रॅम क्षार मिळतील. परंतु गळतीमुळे रोज अर्धा लिटर पाणी घालावे लागले, तर वर्षाकाठी सुमारे 73 ग्रॅम, म्हणजे तीसपट क्षार आत जातील. ते हजार चौरस सेंटीमीटर पृष्ठभागावर सारखे पसरले असे मानल्यास थराची जाडी पाव मिलिमीटरहून अधिक होईल. उष्णतेच्या दृष्टीने भिंतीत पाच मिलिमीटर जादा लोखंड घातल्यासारखेच ते आहे.

यावरून असे दिसते की, अपाय पाण्याच्या काठिण्याने होतो खरा, परंतु त्याला वाव गळतीमुळे मिळतो. बंदिस्त व निर्दोष व्यवस्थेत कठीण पाणीही अल्पच थर धरील. गळक्या व्यवस्थेत मात्र रोजची भर हाच रोग होऊन बसतो. गळती लहान असताना एखादा होजपाइप, क्लिप किंवा झाकण बदलून काम भागते. दुर्लक्ष झाल्यास सिलिंडर हेड वाकते आणि गॅस्केट जाते. मग संपूर्ण इंजिन खोलण्याचा खर्च पदरी येतो.

वाटेत अडचण आल्यास निवलेल्या इंजिनात मिळेल ते पाणी घालणे क्षम्य आहे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास मात्र ओतीव भाग तडकण्याचा धोका असतो. मुक्कामी पोहोचल्यावर ते पाणी काढून टाकावे, व्यवस्था धुवावी, दाब देऊन गळतीची जागा शोधावी आणि निर्मात्याने सांगितलेले कूलंट क्षारविरहित पाण्यात मिसळून भरावे. पाणी किती वेळा व किती घालावे लागले याची नोंद ठेवल्यास ती काट्याच्याही आधी दोषाची सूचना देईल.